साक्षीदार पुस्तक वाचत होता

ज्येष्ठांच्या टेनिस समितीच्या शैला दातार यांचं पत्र मला डिसेंबरच्या शेवटी आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र चांगलं होतं. स्वच्छ टाइप केलेलं, डाव्या बाजूला समास सोडलेला, खाली शाईच्या पेनाने सही. हल्ली मला येतात ती बँकेची पत्रं आणि मोतीबिंदूच्या शिबिरांची आमंत्रणं. त्यांत हे उठून दिसलं. उत्तर दिलं नाही याचं कारण एवढंच, की पत्रात एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं.

प्रश्न असा होता: 'पुरुष सत्तर वर्षांवरील एकेरीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या पॉइंटला श्री. उत्तरेश्वर घोडके यांनी मारलेला चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे आपण जवळून पाहिल्याचे दोन्ही खेळाडूंनी समितीस कळवले आहे. तरी आपण जे पाहिले ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरील मजकूर ग्राह्य धरला जाणार नाही.'

दोन्ही खेळाडूंनी! एकाने माझं नाव दिलं कारण मी त्याचा साडू. दुसऱ्याने दिलं कारण माझ्या हातात पुस्तक होतं, आणि पुस्तक वाचणारा माणूस खोटं बोलत नाही असा त्याचा भाबडा समज. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. वाचणारी माणसं किती खोटं बोलतात हे मी पस्तीस वर्षं काउंटरच्या आतून पाहिलं आहे. पण ते सोडा. ज्याच्या हातात पुस्तक असतं त्याचे डोळे पुस्तकात असतात, एवढी साधी गोष्ट दोघांपैकी एकालाही सुचली नाही.

मी तिथे का होतो, हे सांगायला हवं. माझ्या बायकोची, ललिताची, थोरली बहीण जया. जयाचा नवरा दिगंबर. सरकारी खात्यात मोठा इंजिनिअर होता. निवृत्त झाल्यावर त्याच्या हाताखाली माणसं उरली नाहीत, तेव्हा त्याने टेनिसचे सामने खेळायला सुरुवात केली. त्याच्या फायनलला टाळ्या वाजवायला घरचं कुणीतरी हवं होतं. जयाने स्वयंपाकाचं कारण सांगितलं, मुलगा म्हणाला मीटिंग आहे. माझ्याकडे कधीच कारण नसतं. दिगंबर सकाळी गाडी घेऊन आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चला पंडित, जरा जिवंत माणसांत बसा." मी हाताला लागलं ते पुस्तक घेऊन गाडीत बसलो.

म्हाताऱ्यांचं स्पर्धेचं टेनिस ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी फार काही गमावलेलं नाही. कर्वेनगरला नदीच्या बाजूला लाल मातीची चार कोर्टं आहेत, तिथे हे लोक जमतात. गट पाच-पाच वर्षांचे: साठच्या वरचे, पासष्टच्या वरचे, सत्तरच्या वरचे. त्यामुळे इथलं वयाचं गणित जगाच्या उलटं चालतं. एकोणसत्तरीचा माणूस खचलेला असतो, कारण गटात सगळ्यांत थकलेला तोच. सत्तर पूर्ण झाली की तो पेढे वाटतो. आता तो नव्या गटातला तरणाबांड. मी खुर्चीवर बसलो होतो तेव्हा एक गृहस्थ दुसऱ्याला मोठ्या आनंदाने सांगत होते, "अहो, मार्चमध्ये पंचाहत्तर पूर्ण होतायत! मग बघा एकेकाला." दुसरे हेवा वाटून म्हणाले, "तुमचं बरंय. मला अजून दोन वर्षं काढायचीत."

बोलणं सगळं गुडघ्यांचं. "माझा उजवा ओरिजिनल आहे," असं एक जण दुसऱ्याला सांगतो, जुन्या गाडीबद्दल सांगावं तसं. कपाळाला पट्टी, मनगटाला पट्टी, कोपराला पट्टी, गुडघ्याला पट्टी, मधेमधे माणूस. खेळायला उतरण्याआधी सगळे जागच्या जागी उड्या मारतात आणि मग दमून बसतात. चेंडू मारताना ओरडतात. चेंडू बिचारा संथपणे पलीकडे जातो. ज्यांनी आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज अडवले, ते आता रेषेवर उभे राहून दुसऱ्यांचे चेंडू अडवतात, असं माझं मत झालं. माझ्या मताला अर्थात काही किंमत नाही. मला टेनिसातलं कळत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच तासात कळली. या सामन्यांना पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे ज्याचं त्यानेच सांगायचं. म्हणजे आरोपीनेच निकाल द्यायचा. फार वाद झाला तर मातीवर चेंडूचा ठसा उमटलेला असतो, तो समोरच्याला बोलावून दाखवायचा. एवढ्या विश्वासावर ही माणसं खेळतात, आणि विश्वास तर कुणाचाच कुणावर नसतो.

फायनल दिगंबर आणि उत्तरेश्वर घोडके यांची होती. जिंकणाऱ्याला सत्तरीच्या राज्यसंघात जागा. राज्यसंघ फेब्रुवारीत इंदूरला जाणार. जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याचा, मिळणार काय तर एक निळं जाकीट, पाठीवर 'महाराष्ट्र' लिहिलेलं. त्या जाकिटासाठी दोन आजोबा सकाळी आठपासून साडेदहापर्यंत धावत होते. धावत होते असं म्हणायचं आपलं.

दोघांचा एकेक सेट झाला. तिसरा पुरा सेट खेळण्याची ताकद कुणातच नसते, म्हणून आधी दहा पॉइंट करील तो जिंकला असं ठरलेलं असतं. फक्त आघाडी दोनची हवी. दिगंबर नऊ, घोडके आठ. बाकीची सगळी मंडळी उपमा आला म्हणून पलीकडे गेली होती. मी दिगंबरच्या मागे, कोपऱ्यात, हिरव्या जाळीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो आणि एका जुन्या कोशाच्या प्रस्तावनेतली तळटीप दुसऱ्यांदा वाचत होतो, कारण ती पहिल्यांदा समजली नव्हती.

"आउट!" दिगंबर ओरडला.

मी वर पाहिलं. दिगंबरची पाठ माझ्याकडे होती. मला दिसला तो त्याचा उजवा बूट. पांढरा, नवाकोरा, नारिंगी तळव्याचा. त्या बुटांची किंमत त्याने येताना गाडीत दोनदा सांगितली होती, त्यामुळे माझा त्या बुटांवर राग होता आणि माझं लक्ष तिकडेच गेलं. तो बूट रेषेपाशी मातीवर घासला जात होता. पायपुसण्यावर घासतात तसा, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग टाच फिरवून आणखी एकदा. मग दिगंबरने दोन्ही हात वर केले.

पलीकडून घोडके चालत आले. त्यांचा डावा गुडघा दुखावलेला होता, यायला वेळ लागला.

"कुठं पडला, साहेब?"

"हा बघा ना." दिगंबरने रॅकेटच्या टोकाने रेषेच्या बाहेर चार बोटांवरचा एक ठसा दाखवला.

घोडके कमरेत वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मला वाटलं, त्यांना आता सरळ होता येत नसावं. "हा जुना वाटतोय," ते म्हणाले.

"घोडके, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा."

"नंबर वाढला असंल. पण कड बघा ह्याची. वाऱ्यानं ढासळलीय."

"अहो, म्हणजे आता मातीचा पंचनामा करायचा का? हा माझा साडू बसलाय इथे. विचारा त्याला."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात बोट घालून बसलो होतो. मी पुस्तक मिटलं. त्याचा अर्थ दोघांनी आपापल्या सोयीने लावला आणि हात मिळवले. दिगंबर उपमा खायला गेला.

चार दिवसांत कोथरूडच्या आमच्या चौकात फ्लेक्स लागला. दिगंबरच्या हातात रॅकेट, मागे उगवता सूर्य, 'राज्यसंघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली अभिनंदन करणाऱ्या बारा जणांचे चेहरे, ज्यांतल्या अकरा जणांना टेनिसची रॅकेट आणि बॅडमिंटनची रॅकेट यांतला फरक सांगता आला नसता. बारावा दिगंबरचा मुलगा. त्याच आठवड्यात घोडक्यांनी तक्रार केली, आणि मग मला ते पत्र आलं.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी दिगंबर घरी आला. ललिताने चहा ठेवला. दिगंबरने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"तुम्हाला त्रास नको म्हणून मीच मसुदा करून आणलाय. फक्त सही करा."

मी वाचला. 'मी सदर चेंडू माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी रेषेच्या स्पष्टपणे बाहेर पडलेला पाहिला असून याबाबत माझ्या मनात कोणतीही शंका नाही.' माझ्या मनात कोणतीही शंका नाही, असं वाक्य मी आयुष्यात कधी लिहिलेलं नाही. स्वतःच्या नावाखालीसुद्धा नाही.

"दिगंबरराव, मी वाचत होतो."

"काय वाचत होता?"

"कोशाची प्रस्तावना."

"कोशाला प्रस्तावना असते?" त्याने ललिताकडे पाहिलं. "ह्यांचं असंच. जगाची फायनल चाललीय आणि हे प्रस्तावनेत. अहो पंडित, मी बाहेर म्हटलं म्हणजे बाहेरच असणार ना? मी पस्तीस वर्षं धरणांची मोजमापं तपासली. मला चार बोटं कळत नाहीत?"

"तुम्हाला कळतात. मला नाही कळत."

"मग ज्याला कळतं त्याच्या कागदावर सही करायची. सोपं आहे." तो चहा पिऊन गेला. मसुदा टीपॉयवर ठेवून गेला. मी तो उचलून वर्तमानपत्रांच्या रद्दीत टाकला, मग भीती वाटून परत काढला, मग परत टाकला.

सही केली नाही हे खरं, पण दुसरं काही लिहिलंही नाही. पाहिलं नाही एवढं लिहायलाही काय हरकत होती? हरकत ही, की मग प्रश्न आला असता, 'तिथे बसून आपण काय करत होतात?' आणि सगळ्या क्लबने मला हसून घेतलं असतं. शिवाय मी पाहिलं नाही असं लिहिलं की दिगंबरचा निकाल कायम, कारण ज्याच्या बाजूला चेंडू त्याचं म्हणणं शेवटचं. म्हणजे माझं न पाहणंसुद्धा त्याच्याच बाजूने गेलं असतं. पाय पाहिला होता, पण पायाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. आणि कोर्टावर सगळीकडे ठसेच ठसे असतात. माणूस सवयीने पाय फिरवतो. त्याने तोच ठसा पुसला की दुसरा कुठला, हे मी कोण ठरवणार? पंधरा दिवस उलटून गेले.

शनिवारी मी मंडईत जातो. भाजी घेतो आणि येताना जुन्या पुस्तकांच्या दुकानांत डोकावतो. त्या शनिवारी मेथीच्या गाड्याशेजारी घोडके उभे होते. हातात पिशवी आणि मनगटाला पट्टी. भाजी आणायलासुद्धा पट्टी.

"सर, ओळखलंत का?"

नाही म्हणता आलं असतं, तर बरं झालं असतं. "हो. कसे आहात?"

"मी तुम्हाला काही मागत नाही, सर. मला वाटलं असतं तर तुमच्या घरी आलो असतो. कर्वेनगर ते कोथरूड किती लांब आहे? पण नाही आलो. साक्षीदाराला भेटायचं नसतं."

मग त्यांनी फोन काढला आणि लाल भोपळ्यांच्या ढिगाजवळ उभं राहून मला स्वतःच्या सर्व्हिसचे व्हिडिओ दाखवले. नातवाने काढलेले. एक समोरून, एक बाजूने, एक हळू केलेला. "हात बघा इथं. इथं. आता बघा." भोपळेवाली बाई म्हणाली, "काका, घ्यायचं नसंल तर सरका." आम्ही सरकलो. घोडके बोलतच राहिले. ते मूळचे परांड्याकडचे, चिंचवडला कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. टेनिस पन्नाशीनंतर शिकले. हा माणूस दिगंबरपेक्षा कमी आत्मप्रौढ नव्हता. त्याला फ्लेक्स लावणारे बारा जण मिळाले नव्हते, एवढाच फरक.

"तीन वर्षं फायनलला हरतोय मी," ते म्हणाले. "दोनदा हरलो ते हरलो. साहेब चांगले खेळले. ह्या वेळी नाही हरलो, सर. चेंडू रेषेवर होता. लांबून मला धूळ उडालेली दिसली, पांढरी. चुना उडाला. माती लाल उडती."

"हं."

"जाकीट घालून गावच्या जत्रेला जायचंय मला."

"जत्रा कधी असते?"

"चैत्रात."

"चैत्रात परांड्याला जाकीट?"

"घालीन," घोडके म्हणाले. "घामानं मेलो तरी घालीन."

मी बघू असं काहीतरी पुटपुटलो आणि मेथी न घेताच निघालो. बसमध्ये स्वतःची चीड येत होती. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पाठीवरच्या अक्षरांसाठी झुरतो, बहात्तर वर्षांचा त्यासाठी मसुदे लिहितो, आणि त्र्याहत्तर वर्षांचा मी एका चेंडूला घाबरून मेथी सोडून पळतो. तिघांत सगळ्यांत हास्यास्पद कोण, याबद्दल मला फारशी शंका नव्हती.

शेवटी असं ठरवलं की लिहायचं नाही, पण शैलाबाईंना समक्ष भेटून सांगायचं: मी वाचत होतो, मला माफ करा. समोरासमोर दोन वाक्यं बोलून सुटायचं. सोमवारी सकाळी मी क्लबवर गेलो. शैलाबाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या असं कळलं होतं. त्या कोर्टावर दुहेरी खेळत होत्या. चारही बाया पासष्टीच्या पुढच्या, डोक्यावर टोप्या, पायात बूट. स्पर्धा नव्हती, रोजचा खेळ होता, तरी चेहरे खुनाच्या खटल्यातले. मी जाळीपाशी उभा राहिलो.

पलीकडून एका ठेंगण्या बाईंनी चेंडू मारला. त्यांना सगळ्या मुक्ताबाई म्हणत होत्या. चेंडू शैलाबाईंच्या बाजूला रेषेजवळ पडला.

"आउट," शैलाबाई म्हणाल्या.

"हलू नकोस!" मुक्ताबाई किंचाळल्या. "शैला, हलायचं नाही! आहेस तिथंच राहा!"

"मी हललेच नाहीये."

"पाय वर घे. तो नाही, डावा! मागं ठेव. मागं!"

शैलाबाई एका पायावर उभ्या राहिल्या. त्यांच्या जोडीदारीण बाई धावल्या तशा मुक्ताबाई पुन्हा ओरडल्या, "कुणी जवळ जायचं नाही! मी येते!" आणि मधल्या जाळीला वळसा घालून त्या आल्या. मग चौघी त्या ठशाभोवती उभ्या राहिल्या. वर्तुळ करून, हात मागे बांधून. एकीचा पाय जरा पुढे सरकला तर दुसरीने तिचा दंड धरून मागे ओढलं. मला हे सगळं इतकं वेडगळ वाटलं की माझ्या तोंडून, सवय नसताना, शब्द बाहेर पडले.

"एवढं काय त्यात? पाय लागला तर लागला."

चौघींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी कोर्टावर थुंकलो असतो तरी इतकं वाईट पाहिलं नसतं.

"पाय लागला तर पॉइंट जातो," शैलाबाई म्हणाल्या. "समोरच्याने बघायच्या आत ज्याने तिथे पाय फिरवला त्याचा पॉइंट गेला. आपल्या स्पर्धेचा नियमच आहे. पंच नसतो ना."

"चुकून फिरवला तर?"

"तरी गेला."

"दुसराच ठसा पुसला असेल तर? म्हणजे शेजारचा?"

"तरी गेला. मनात काय होतं ते विचारायचंच नाही. ते विचारत बसलो तर संध्याकाळपर्यंत एकमेकींची मनं उकरत बसू आम्ही."

"ते तर तसंही उकरतोच," मुक्ताबाई वाकलेल्या अवस्थेत म्हणाल्या. "आत आहे हा चेंडू. बघ. अर्धा रेषेवर आहे. निर्लज्ज कुठली."

शैलाबाईंनी वाकून पाहिलं, नाक उडवलं, आणि म्हणाल्या, "घे. तुझा." मग त्यांनी मला नीट न्याहाळलं. "आपण ते पुस्तकवाले ना? पत्राला उत्तर आलं नाही आपलं."

"तेच सांगायला आलो होतो. मी—"

"तोंडी नको, हातात नको. लिहून पोस्टाने पाठवा. मुदत संपलीय, पण तुमच्यासाठीच फाइल उघडी ठेवलीय. इंदूरची नावं एकतीस तारखेला जातात. त्याआधी आलं नाही तर दिगंबररावांचं नाव जाईल." आणि त्या खेळायला वळल्या.

मी बसने घरी आलो. ललिता तिळाच्या वड्या कापत होती. दोन दिवसांनी जयाकडे हळदीकुंकू होतं. मी तिला सगळं सांगितलं, बूट, टाच, नियम, सगळं. सुरी थांबली नाही.

"चेंडू पाहिलात?"

"नाही."

"पाय पाहिलात?"

"पाहिला."

"मग पाय लिहा."

"जया काय म्हणेल?"

"जया बोलणारच. तिला नवरा मिळालाय तो मी नाही दिलेला." मग वड्या उचलत म्हणाली, "हळदीकुंकवाच्या आधी मात्र पाठवू नका. मला तिथे उभं राहायचंय."

दिगंबरला न सांगता पाठवणं मला जमलं नसतं. शूरपणा म्हणून नव्हे. त्याला दुसऱ्याकडून कळलं असतं आणि तो घरी येऊन बोलला असता, त्याची जास्त भीती वाटत होती. हळदीकुंकू झाल्यावर मी त्याला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं.

"दिगंबरराव, मी समितीला लिहितोय."

"शाब्बास! सही केलीत?"

"नाही. मी लिहितोय की चेंडू पाहिला नाही. पण घोडके यायच्या आधी तुम्ही रेषेपाशी पाय फिरवलात, ते पाहिलं."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"पाय? अहो, पाय मी नेहमीच फिरवतो. सवय आहे. सगळेच फिरवतात."

"मला ते माहीत नाही. मी एकदाच पाहिला."

"नियम माहीत आहे तुम्हाला?"

"आता माहीत झालाय."

"कुणी पढवलं? घोडके भेटला वाटतं?"

"भेटले होते. त्यांनी व्हिडिओ दाखवले. पायाबद्दल त्यांना काही माहीतच नाही."

"पंडित," दिगंबर सावकाश म्हणाला, खात्यातल्या माणसाला समजावतात तसा, "चौकात माझा फ्लेक्स आहे. मुलाने सोसायटीत सत्कार ठेवलाय. जाकिटाचं माप दिलंय मी. तुमच्या एका पायावरून हे सगळं उलटं करायचं? तुम्हाला ह्यात काय मिळणार?"

मी कागदाकडे पाहिलं. याचं उत्तर कागदावर नव्हतं.

"काही नाही," मी म्हणालो.

"मग?"

"मला विचारलं म्हणून."

"चेंडू विचारलाय तुम्हाला! पाय नाही विचारलेला!"

"चेंडू मला सांगता येत नाही. पाय सांगता येतो."

तो हसला. मोकळं हसणं नव्हतं, पण हसला. "तुम्ही लिहिणार? लग्नाच्या आमंत्रणालासुद्धा येतो की नाही ते कळवत नाही तुम्ही. एकतीस तारीख चौथ्या दिवशी आहे. बसा लिहीत." आणि त्याने फोन ठेवला.

त्याचं चुकलं नव्हतं. लिहायला बसलो तर पहिल्या मसुद्यात 'असे मला वाटते' पाच वेळा आलं. दुसऱ्यात मी माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची माहिती दिली होती. तिसऱ्यात ज्येष्ठांच्या टेनिसबद्दल माझं मत होतं, आणि ते दीड पान भरलं. तो मसुदा सगळ्यांत चांगला होता. वाचताना मला मजा आली, म्हणूनच तो फाडला. ती मजा मला त्या दोघांना तुच्छ लेखण्यात येत होती, आणि साक्ष देणाऱ्याने असली मजा घेऊ नये. दिगंबर खोटारडा आहे असं त्यात कुठेही म्हटलं नव्हतं, पण प्रत्येक ओळीतून तेच वाचता येत होतं. खोटारडा आहे की नाही हे मला आजही माहीत नाही. कदाचित त्याला चेंडू खरंच बाहेर दिसला असेल. आपल्याला हवं ते दिसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तशी ती आनंदात असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथा कागद घेतला आणि एवढंच लिहिलं:

'सौ. शैला दातार यांस, स. न. वि. वि. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. चेंडू पडला तेव्हा मी पुस्तक वाचत होतो. 'आउट' हा शब्द ऐकून मी वर पाहिले तेव्हा श्री. दिगंबर रेषेपाशी उजव्या पायाचा बूट मातीवर फिरवत होते. तीन वेळा. त्या वेळी श्री. घोडके कोर्टाच्या पलीकडच्या बाजूला होते. ते आल्यावर त्यांना रेषेबाहेरचा एक ठसा दाखवण्यात आला. पुसलेली जागा आणि दाखवलेला ठसा एकच नव्हता. याहून अधिक मी पाहिलेले नाही. श्री. दिगंबर माझे साडू आहेत, हेही नमूद करतो. उत्तरास उशीर झाला, क्षमस्व.'

'पुसलेली जागा आणि दाखवलेला ठसा एकच नव्हता' हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा पुन्हा लिहिलं. मग डोळे मिटून खुर्चीत बसलो. बूट रेषेला लागून होता. रॅकेटचं टोक चार बोटं पलीकडे टेकलं होतं. हे मी पाहिलं होतं. मला खात्री होती. खात्री असण्याची सवय नसल्यामुळे मला जरा आजारी असल्यासारखं वाटलं. ललिताने वाचलं आणि म्हणाली, "ठीक आहे. आता जा, नाहीतर पाचवा लिहाल."

पोस्टात तीन माणसं पुढे होती. खिडकीतल्या मुलीने पाकीट उलटसुलट केलं.

"काय करायचं, काका?"

"रजिस्टर."

"रजिस्टर बंद झालं. स्पीड पोस्ट करा. कर्वेनगरला कशाला पण? इथून रिक्षाने दहा मिनिटं आहे. हातानं देऊन टाका ना."

"हाताने घेत नाहीत त्या."

"कमालच आहे," ती म्हणाली आणि पाकीट वजनकाट्यावर टाकलं.

शैलाबाई नियमाप्रमाणे पॉइंट घोडक्यांना देतील. मग नऊ-नऊ होतील, आणि नावं जायच्या आधी एका सकाळी हे दोघे पट्ट्या बांधून पुन्हा तिथूनच खेळतील. दोनतीन पॉइंटांत आटपेल. घोडके कदाचित हरतीलही. दिगंबर खेळतो चांगला. जिंकले तर चैत्रात परांड्याच्या उन्हात निळं जाकीट घालून फिरतील आणि भेटेल त्याला पाठ दाखवतील. हरला तर दिगंबर माझ्याशी वर्षभर बोलणार नाही, आणि जिंकला तरी बोलणार नाही.

"उद्या पोचेल ना?" मी विचारलं.

"उद्या नाही तर परवा."

"एकतीसच्या आत?"

"आत म्हणजे आतच, काका." तिने शिक्का मारला, पाकीट मागच्या थैलीत फेकलं आणि माझ्या मागच्या माणसाकडे पाहिलं. "बोला."